गुडघ्याला बाशिंग नको

मराठी भाषेने गुडघ्याची आठवण ठेवली आहे, पण ती बहुधा उपहासासाठीच. ज्याला अक्कल कमी त्याचा मेंदू गुडघ्यात असतो, जो हरतो तो गुडघे टेकतो आणि ज्याला धीर धरवत नाही अशा उतावळ्या नवऱ्याच्या गुडघ्याला बाशिंग असते. यांपैकी शेवटची म्हण लग्नघरापुरती राखून ठेवण्यासारखी नाही. गुडघ्याच्या दुखण्यातून उठणाऱ्या प्रत्येकाने ती कागदावर लिहून पलंगासमोरच्या भिंतीवर लावावी, इतकी ती मोलाची आहे.

दुखणे घोड्याच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, असे आपले वाडवडील सांगत. आज वैद्यकशास्त्राने पुष्कळ प्रगती केली आहे. गुडघ्यात दुर्बीण घालून केलेली शस्त्रक्रिया दोन-तीन तासांत आटोपते व रुग्ण एक-दोन दिवसांत घरी येतो. त्यामुळे उपचार संपला आणि आता उरले ते केवळ दिवस ढकलणे, असा समज सर्वत्र दिसतो. वस्तुतः शल्यविशारदाचे काम तेथे संपते आणि रुग्णाचे व त्याच्या घराचे काम तेथून सुरू होते. घरी काढलेले दिवस हाच उपचाराचा मोठा भाग होय. त्या दिवसांची मुदत पूर्ण होऊ दिली पाहिजे आणि ती मुदत घरातील प्रत्येक दुखऱ्या गुडघ्याच्या वाट्याला आली पाहिजे, एवढेच या लेखातून मांडावयाचे आहे.

एक सांधा, अनेक जबाबदाऱ्या

गुडघा हा शरीरातील सर्वांत मोठा सांधा. मांडीचे हाड, नडगीचे हाड व त्यांच्यापुढे वाटी अशी त्याची रचना असते. दोन हाडांमध्ये कूर्चेच्या दोन गाद्या असतात आणि सांधा जागेवर राहावा म्हणून चार प्रमुख अस्थिबंध, ज्यांना आपण सर्रास लिगामेंट म्हणतो. शरीराचे वजन एक किलोने कमी केले, तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे संशोधकांनी मोजून दाखवले आहे. दिवसाची हजारो पावले हिशेबात धरली, म्हणजे हा सांधा निमूटपणे केवढे ओझे वाहतो याची कल्पना येते.

भारतीय जीवनपद्धती तर गुडघ्याची कसोटीच पाहते. आपण जमिनीवर मांडी घालून जेवतो, पूजेला पाटावर बसतो, उकिडवे बसून भांडी घासतो, नमाजात वा कीर्तनात तासन्‌तास गुडघे मुडपून असतो आणि शौचालयही पुष्कळ घरांत भारतीय पद्धतीचेच असते. साध्या चालण्याला गुडघा थोडासा वाकला तरी पुरते. मांडी घालण्यास किंवा उकिडवे बसण्यास तो जवळजवळ पूर्ण मिटावा लागतो. म्हणून आपल्याकडे गुडघा बिघडला की चालण्याबरोबरच जेवणे, देवपूजा आणि देहधर्म असे सगळेच अडते.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर, इंदूर येथे नेमणुकीवर असताना, हा अनुभव मला आला. शाखा-शाखांमधील क्रिकेटच्या सामन्यात दुसरी धाव घेण्यासाठी वळलो, तोच उजव्या गुडघ्यातून ‘कट्’ असा आवाज आला आणि पायाखालची जमीनच सरकली. तपासणीअंती समजले की सांध्याच्या मध्यभागी असलेला पुढचा अस्थिबंध तुटला आहे. सूज उतरून गुडघा पुन्हा पूर्ण सरळ होईपर्यंत शस्त्रक्रियेसाठी थांबावे लागले. ऑगस्टच्या आरंभी मांडीच्या मागच्या स्नायूची कंडरा घेऊन तिचा नवा बंध गुडघ्यात बसवण्यात आला. त्यानंतर सहा आठवडे मी घरी होतो. घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला उद्वाहक नाही, त्यामुळे ‘घरी’ या शब्दाचा अर्थ अक्षरशः घरातच असा होता.

मुदत ठेवीचा न्याय

बँकेत काम करणाऱ्या माणसाला मुदत ठेवीची उपमा सुचली, तर वाचकांनी ती गोड मानून घ्यावी. ठेव मुदतीआधी मोडली, तर व्याज कमी मिळते, शिवाय बहुधा दंडही बसतो. गुडघ्यात बसवलेल्या नव्या बंधाची गोष्ट अशीच आहे, फक्त येथील दंड अधिक कठोर आहे.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही आठवड्यांत सूज उतरते, टाके निघतात, वेदना कमी होतात आणि रुग्णाला वाटते, आपण बरे झालो. प्रत्यक्षात त्याच सुमारास गुडघ्याच्या आत वेगळेच चाललेले असते. दुसरीकडून आणून बसवलेल्या त्या कंडरेला आरंभी स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. हळूहळू तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, जुने तंतू झिजतात, नवे तयार होतात आणि बऱ्याच महिन्यांनी ती खऱ्या अस्थिबंधासारखी काम करू लागते. या फेरबदलाच्या काळात ती बसवली तेव्हापेक्षाही काहीशी दुबळी असते. म्हणजे रुग्णाला ज्या वेळी सर्वांत अधिक उत्साह वाटू लागतो, त्याच वेळी त्याने सर्वांत अधिक जपावयाचे असते. वेदना ही गुडघ्याची राखणदार आहे, पण ही राखणदार काम पूर्ण होण्याआधीच रजेवर जाते. तिच्यामागे पहारा करावयाचा तो विवेकाने.

नॉर्वे व अमेरिका येथील रुग्णांचा मागोवा घेणारा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. अशा शस्त्रक्रियेनंतर खेळाच्या मैदानावर परतणे नवव्या महिन्यापर्यंत जितके लांबवले, तितके पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण दर महिन्यामागे सुमारे निम्म्याने घटले, असे त्यात आढळले. एका महिन्याच्या धीराला इतका परतावा देणारी योजना कोणत्याही वित्तसंस्थेकडे नाही.

याचे सर्वांनी पाहिलेले उदाहरण म्हणजे ऋषभ पंत. ३० डिसेंबर २०२२ रोजी रुरकीजवळ त्याच्या मोटारीला भीषण अपघात झाला. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत त्याच्या उजव्या गुडघ्याच्या अस्थिबंधांवर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तो स्पर्धात्मक सामन्यासाठी मैदानावर उतरला तो थेट मार्च २०२४ मध्ये. मधल्या काळात विश्वचषकाची एक स्पर्धा आपल्याच देशात होऊन गेली. त्याच वर्षी जूनमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाचा तो यष्टिरक्षक होता. कुस्तीपटू विनेश फोगाट हिला २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये गुडघ्याच्या दुखापतीमुळे मैदानातून उचलून न्यावे लागले होते. दोन वर्षांनी, २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत तिने सुवर्णपदक मिळवले. टाळ्या आपण परतण्याच्या दिवशी वाजवतो, मात्र त्या खऱ्या अर्थाने मधल्या निनावी दिवसांच्या असतात.

दिवस ढकलणे आणि दिवस घालवणे

आता कोणी म्हणेल, मुदत पूर्ण होऊ द्यावयाची म्हणजे पलंगावर पडून राहावयाचे. तसे मुळीच नाही. नुसती पडलेली मांडी काही दिवसांतच बारीक होऊ लागते आणि न हलवलेला सांधा आखडतो. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी कामाची यादी हाती दिली होती. घोटा खाली-वर हलवत राहणे, म्हणजे पायातील रक्त साचत नाही. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळून धरणे व दहा अंक मोजणे. पाय सरळ ठेवून वीतभर उचलणे. टाच गादीवरून सरकवत गुडघा हळूहळू वाकवणे. त्यानंतर कपड्यात गुंडाळलेल्या बर्फाने पंधरा मिनिटे शेक. हे सारे दिवसातून तीन वेळा करावयाचे होते. ज्याला हे काम वाटत नाही, त्याने ते एकदा करून पाहावे.

प्रत्येक रुग्णाचे दुखणे निराळे असते, म्हणून व्यायाम आपल्या डॉक्टरांना व फिजिओथेरपिस्टना विचारूनच ठरवावेत. परंतु त्यामागचे तत्त्व सर्वांना लागू पडते. नेमून दिलेली हालचाल हीच या दुखण्यातील खरी विश्रांती होय. बँकेची एक जुनी रोजनिशी घरात पडून होती. तिच्यात मी रोज गुडघा किती अंशांत वाकला ते लिहू लागलो. पहिल्या आठवड्याअखेर साठ, तिसऱ्या आठवड्याअखेर नव्वद, सहाव्या आठवड्याअखेर एकशे वीस. एखाद्या दिवशी आकडा पुढे सरकत नसे, तेव्हा मागची पाने चाळली की धीर येई. चोवीस तासांत प्रगती दिसत नाही, पंधरवड्यात दिसते. जमाखर्च लिहून ठेवण्याचा उपयोग हाच.

व्यायाम वगळता उरलेला वेळ हा दुसरा प्रश्न. सक्तीने घरी बसलेल्या माणसाला आरंभी दूरदर्शन संच व भ्रमणध्वनी हे सोबती वाटतात. आठवड्याभरात त्यांचा वीट येतो, कारण त्यांच्यामुळे वेळ जातो पण हाती काही उरत नाही. माझे मत असे की घरी बसलेल्या रुग्णाने रोज असे एक तरी काम करावे, ज्याचा उपयोग त्याच्यावाचून दुसऱ्या कोणाला तरी होईल. परावलंबनाचे शल्य त्याने निम्मे हलके होते. शेजारचा मुलगा बारावी वाणिज्य शाखेत होता. तो रोज सायंकाळी येऊन माझ्या पलंगाशेजारी बसे आणि ताळेबंदातील दोन बाजू का जुळत नाहीत ते शोधी. “अंकल, टॅली हो गया!” असे तो ओरडला की घरात सर्वांना कळे, आजचा दिवस सत्कारणी लागला.

दुसरे काम घरातल्या कागदपत्रांचे. विमापत्रे, ठेवींच्या पावत्या, लॉकरचा करार, वीजजोडणीचे जुने कागद हे सारे प्रत्येक घरात कोठे ना कोठे असते, मात्र ते कोठे आहे हे बहुधा एकालाच ठाऊक असते. पाय पुढे पसरून बसलेल्या माणसाइतका या कामाला योग्य माणूस नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतील ठेव खात्यावर चारपर्यंत व्यक्तींचे नामनिर्देशन करण्याची सोय कायद्याने झाली आहे. ज्यांच्या खात्यांवर अद्याप एकाही व्यक्तीचे नाव नाही, अशा ग्राहकांनी सक्तीच्या विश्रांतीची वाट न पाहता हे काम उरकावे.

गणपतीचे दिवसही याच सहा आठवड्यांत आले. इंदुरात अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरणी कामगारांच्या झाँक्यांची मिरवणूक निघते. गिरण्या बंद पडल्या तरी ही परंपरा टिकून आहे. यंदाची मिरवणूक खिडकीतून कानांनीच पाहावी लागली. पूजेला मांडी घालून बसणे मला शक्य नव्हते आणि आईला तर कित्येक वर्षांपासून शक्य नाही. तेव्हा गणपतीसमोर दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या गेल्या. मला अवघडल्यासारखे झाले हे पाहून आई म्हणाली, “अरे, त्याला चालतं. तो तरी कुठे धड मांडी घालून बसलाय? एक पाय खालीच सोडलाय की त्यानं!” मूर्तीकडे पाहिले तर खरोखरच तसे होते.

ज्या गुडघ्यांना मुदत मिळत नाही

त्या दोन खुर्च्यांनी लेखाच्या खऱ्या विषयापाशी आणून सोडले. माझ्या गुडघ्याला सहा आठवडे मिळाले. आईच्या दोन्ही गुडघ्यांची झीज गेली दहा वर्षे चालू आहे, पण त्यांना सलग सहा दिवसही कधी मिळालेले नाहीत. यात आमचे घर जगावेगळे नाही. गुडघ्यांची झीज पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळते आणि घरातील उठबसही बहुतांशी त्यांच्याच वाट्याला येते. केंद्र शासनाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर घरकामाला हात लावणारे पुरुष ८८ मिनिटे. या दोनशे एक मिनिटांच्या फरकात किती वेळा वाकणे, बसणे व उठणे होते, याची मोजणी अद्याप कोणी मांडलेली नाही, पण गुडघे ती ठेवत असतात.

आम्हा बँक-कर्मचाऱ्यांना आजारपणाची रजा असते. ती अर्ध्या वेतनावर मिळते आणि पूर्ण वेतन हवे असेल, तर खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. हिशेब काटेकोर आहे, पण हिशेब आहे. कामगार राज्य विमा योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे सुरू झाली. तिच्या छत्राखालील कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. म्हणजे बरे होण्यास दिवस लागतात आणि त्या दिवसांना मोल असते, हे आपल्या समाजाने तत्त्वतः फार पूर्वीच मान्य केले आहे. प्रश्न आहे तो घरकाम करणाऱ्या गुडघ्याने रजेचा अर्ज कोणाकडे करावा, हा. आमच्याकडे भांडी व फरशीला येणाऱ्या ताईंचाही गुडघा दुखतो. एक दिवस खाडा झाला, तर चार घरांतून बोलणी ऐकावी लागतात, असे त्या सांगतात.

शस्त्रक्रियेच्या खर्चाबाबत शासनाने पावले उचलली, हे मान्य केले पाहिजे. कृत्रिम सांधेरोपण ही गोष्ट आपल्या देशात घराघरांत पोहोचली ती तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्यामुळे. ऑक्टोबर २००० मध्ये त्यांच्या डाव्या आणि जून २००१ मध्ये उजव्या गुडघ्यावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली. डॉ. चित्तरंजन राणावत यांनी ती केली होती. देशाच्या पंतप्रधानांनाही दोन गुडघ्यांसाठी आठ महिन्यांचे अंतर ठेवावे लागले, ही गोष्ट उतावळ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या रोपणांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियम रोपणाची कमाल किंमत तेव्हा करांव्यतिरिक्त ५४,७२० रुपये ठरवण्यात आली. त्यामुळे अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांना ही शस्त्रक्रिया आवाक्यात आली.

परंतु रोपणाची किंमत शासन ठरवू शकते, नंतरच्या दिवसांची व्यवस्था घरालाच करावी लागते. आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयातून घरी आल्यानंतरच्या १५ दिवसांचा औषधपाण्याचा खर्च अंतर्भूत आहे. खासगी आरोग्य विमापत्रांत ही मुदत बहुधा त्याहून अधिक असते. आपल्या विमापत्रात ती किती आहे आणि फिजिओथेरपीचा खर्च तीत धरला आहे काय, हे ग्राहकांनी आजच वाचून ठेवावे. कारण गुडघा पंधरा दिवसांत बरा होत नाही आणि पैशांच्या काळजीने अर्धवट सोडलेला व्यायाम पुढे अधिक महाग पडतो.

झिजलेल्या गुडघ्याला प्रत्येक वेळी शस्त्रक्रियाच लागते असे नव्हे. वजन आटोक्यात ठेवणे व मांडीचे स्नायू बळकट करणे हे उपचार जगभरचे तज्ज्ञ प्रथम सांगतात. त्यासाठी पैसा फारसा लागत नाही, मात्र घरातील माणसांनी वेळ काढून द्यावा लागतो. आमच्या घरी एवढे झाले की सकाळी सातला मी व्यायामाला बसलो की आईही पलीकडच्या पलंगावर टॉवेलची गुंडाळी घेऊन बसू लागली. तिच्या डॉक्टरांनी हेच व्यायाम तिला पूर्वीच सांगितले होते. त्या वेळेत चहाची जबाबदारी सौ.ने आणि मुलाने वाटून घेतली. स्वयंपाकघरात एक उंच स्टूल आले व भाजी जमिनीवर विळीवर न चिरता ओट्यावर चिरली जाऊ लागली. फरशीसाठी लांब दांड्याचा पोछा आणला. त्यामुळे ताईंचे उकिडवे बसणे थांबले. आठवड्यातील एक दिवस त्यांना हक्काची सुटी मिळू लागली, पगार न कापता. एकूण खर्च दोन हजार रुपयांच्या आत. चार महिन्यांनंतर आई जिना उतरताना कठडा धरते, पण दर पायरीला थांबत नाही.

जिन्याचा विषय निघालाच आहे, तर एक साधा नियम सांगून ठेवतो. चढताना चांगला पाय आधी टाकावा व उतरताना दुखरा पाय आधी. काठी वापरावयाची असेल, तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. पुष्कळ लोक नेमके उलट करतात आणि काठीला दोष देतात.

काउंटरच्या अलीकडे आणि पलीकडे

सहा आठवड्यांनंतर मी कामावर रुजू झालो. तेव्हा काही दिवस कुबडी सोबत होती. त्या दिवसांत बँकेच्या शाखेकडे ग्राहकाच्या गुडघ्यांनी पाहण्याची संधी मिळाली. आपल्या शाखांतून ग्राहकांसाठी मऊ, खोलगट सोफे ठेवलेले असतात. दिसायला ते शोभिवंत असतात, परंतु दुखऱ्या गुडघ्याचा माणूस त्यात एकदा बसला की उठताना त्याला दुसऱ्याचा हात मागावा लागतो. त्याला हवी असते ती हात टेकवता येतील अशी, थोडी उंच, साधी लाकडी खुर्ची. अशी एक खुर्ची प्रत्येक शाखेत असणे अवघड नाही.

भारतीय रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ रोजी परिपत्रक काढून सत्तर वर्षांवरील ज्येष्ठ नागरिकांना तसेच दिव्यांग व दीर्घकालीन आजाराचे वैद्यकीय प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तींना मूलभूत सेवा घरपोच देण्याबाबत बँकांना सूचना केल्या. सप्टेंबर २०२० पासून सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी एकत्रितपणे घरपोच सेवेची व्यवस्था उभारली. निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला डिजिटल पद्धतीने देण्याची ‘जीवन प्रमाण’ सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये आली आणि नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्याच्या ओळखीवरून घरबसल्या भ्रमणध्वनीवरही तो दाखला देता येतो. या सेवांची माहिती ज्यांना सर्वाधिक हवी, त्यांच्यापर्यंतच ती पोहोचत नाही, कारण सूचनाफलक शाखेच्या आत असतो आणि ते जिन्याच्या खाली. ही माहिती त्यांच्या मुलांना, सुनांना व शेजाऱ्यांना सांगणे हे आपणा सर्वांचे काम आहे.

पस्तिशीतला कुबडीधारक मात्र यांपैकी कोणत्याच वर्गात बसत नाही. त्याचे वय सत्तर नाही आणि त्याचे दुखणे कायमचे नाही. प्रसूतीनंतरची माता, पाय मोडलेला फेरीवाला, नुकतीच शस्त्रक्रिया झालेला शिक्षक ही सारी अशीच मधली माणसे. त्यांच्यासाठी नव्या परिपत्रकाची वाट पाहण्याची गरज नाही. रांगेतून त्यांना बाहेर काढून बसवावे, अर्ज त्यांच्याजवळ नेऊन द्यावा, सही तेथेच घ्यावी. नियम यास कोठेही आड येत नाहीत. लागतात ती फार तर पाच मिनिटे.

शेवटी सहकाऱ्यांना व शाखाप्रमुखांना एक विनंती. तिमाहीअखेर जवळ आली की घरी असलेल्या सहकाऱ्याला ‘आता बरे वाटते ना, मग येताय केव्हा?’ असा दूरध्वनी जातो. हेतू आपुलकीचा असतो. तथापि बरे वाटणे व बरे होणे यांत काही महिन्यांचे अंतर असू शकते, हे आपण पाहिलेच. त्याऐवजी ‘गुडघा किती अंशांत वाकला?’ असे विचारावे. रुग्णाला या प्रश्नाचा अतिशय आनंद होतो. आणि हाच प्रश्न घरी परतल्यावर आईला, पत्नीला, आत्याला विचारावा, कामाला येणाऱ्या ताईंनाही विचारावा. त्यांच्या उत्तरासाठी थोडे थांबावे लागेल, कारण आजवर हे त्यांना फारसे कोणी विचारलेले नसते. बाशिंग बांधावयाचे, ते मुदत पूर्ण झाल्यावर आणि कपाळाला. गुडघ्याला तोवर वेळ द्यावा.